दळण कोणत्या गिरणीत न्यावे?



'संगणक आणि मराठीचे भवितव्य' असा विषय मला पत्रातून कळवला होता. भवितव्यावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. मी मूळची इंदूरची, माहेर इथलेच. गेली अठरा वर्षे हैदराबादला डेटा इंजिनिअर म्हणून नोकरी करते. मोठमोठ्या माहितीच्या ढिगांवर प्रक्रिया करणारी यंत्रे भाड्याने घ्यायची, कामाला लावायची आणि महिनाअखेर बिल का वाढले याचे उत्तर द्यायचे, हा माझा धंदा. म्हणून मी विनंती केली की मला धंद्यातलेच बोलू द्या. ती मान्य झाली, याबद्दल आभार.

दोन वर्षांपूर्वी या शहरातल्या एका जुन्या वाचनालयाने आपल्याकडची मराठी नियतकालिके स्कॅन करून घेतली. १९४८ साली होळकर संस्थान विलीन झाले, त्याच्या आधीपासूनची ती आहेत. सुमारे १४ हजार पाने भरली. ओसीआर करून, म्हणजे चित्रातली अक्षरे यंत्राकडून वाचवून घेऊन, त्यांचा मजकूर तयार झाला. आम्ही चौघे, मला शाळेत मराठी शिकवलेले एक निवृत्त सर, महाविद्यालयातले दोन विद्यार्थी आणि मी, असे ठरवले की यातून महाराष्ट्राबाहेरच्या मराठीची एक शब्दयादी करायची. त्याला जोड म्हणून इंटरनेटवरची मराठी पानेही चाळायची. थोडे अनुदान मिळाले. पहिल्याच बैठकीत प्रश्न आला, "काम कोणत्या कंपनीच्या क्लाउडवर करणार? तीन कोटेशने आणा."

कोटेशने आणणे अवघड होते, कारण या बाजारात तिघे तीन वेगळ्या मापांनी मोजतात. एकाचा दर तासावर, दुसऱ्याचा किलोवर, तिसरा म्हणतो गिरणीचे भाडे वेगळे आणि गिरणीवाल्याची मजुरी वेगळी. तेव्हा आधी ही मापे समजून घेऊ.

मोठ्या माहितीवरची प्रक्रिया म्हणजे काय, हे साहित्याच्या माणसांना समजावणे खरे तर सोपे आहे. २००४ साली गुगलच्या जेफ्री डीन आणि संजय घेमावत यांनी 'मॅपरिड्यूस' या पद्धतीवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात पहिले उदाहरण दिले आहे ते शब्द मोजण्याचे: हजारो दस्तऐवजांत कोणता शब्द किती वेळा आला. ढीग वाटून द्यायचा, प्रत्येक यंत्राने आपल्या वाट्याची पाने वाचून टिपणे करायची, मग एकाच शब्दाची सगळी टिपणे एका यंत्राकडे पाठवून बेरीज करायची. शब्दकोशाच्या कार्यालयात चिठ्ठ्या लावतात तसेच. या कल्पनेवर डग कटिंग आणि माइक कॅफरेला यांनी हडूप उभारले; कटिंगच्या मुलाच्या खेळण्यातल्या हत्तीचे ते नाव. पुढे बर्कलेच्या विद्यापीठात मटेई झहारियाने स्पार्क लिहिले. ते टिपणे दर वेळी डिस्कवर न उतरवता शक्य तितकी स्मृतीत ठेवते, म्हणून पुन्हा पुन्हा तोच ढीग चाळायचा असेल तर पुष्कळ जलद चालते. आज सगळ्या कंपन्यांच्या गिरण्यांत दगड बहुतेक याच दोन खाणींतले आहेत. ते फुकट आणि खुले आहेत. पैसे पडतात ते गिरणी चालवून देण्याचे.

ॲमेझॉनने ही चालवून देण्याची सेवा २००९ मध्ये सुरू केली, तिचे नाव ईएमआर. मायक्रोसॉफ्टची एचडीइनसाइट २०१३ ची, गुगलची डेटाप्रॉक २०१६ पासून सर्वांसाठी खुली. तिन्हींचे सांगणे एकच: तुम्ही यंत्रे किती हवीत ते सांगा, हडूप-स्पार्क आम्ही बसवून देतो, एखादे यंत्र बिघडले तर बदलतो, काम संपले की पाडून टाका. अशा यंत्रांच्या गटाला क्लस्टर म्हणतात. फरक बारीक आहेत, पण खिशाला जाणवतात. डेटाप्रॉकचा क्लस्टर दीड-एक मिनिटात उभा राहतो, ईएमआरला काही मिनिटे लागतात, एचडीइनसाइटला पंधरा-वीस. दोन तासांच्या कामात याने काही बिघडत नाही. विद्यार्थी दर दहा मिनिटांनी नवा प्रयोग करणार असेल तर पुष्कळ बिघडते. डेटाप्रॉक यंत्राच्या भाड्यावर दर प्रोसेसरमागे ताशी एक सेंट घेते, हिशेब सरळ. ईएमआरची वरकड यंत्राच्या प्रकारानुसार बदलते, पण तिच्यात एक सोय फार शहाणपणाची आहे. ज्या यंत्रांवर माहिती साठवलेली असते ती वेगळी आणि नुसती राबणारी वेगळी, अशी विभागणी करता येते. राबणारी यंत्रे मग 'स्पॉट' भावाने, म्हणजे कंपनीकडे पडून असलेली, स्वस्तात घ्यावीत. कंपनीला ती परत हवी झाली तर ॲमेझॉन दोन मिनिटांची सूचना देते, गुगल तीस सेकंदांची. काढून घेतली तरी माहिती बुडत नाही, तेवढे काम दुसरे यंत्र पुन्हा करते.

डेटाब्रिक्स ही स्पार्कच्याच कर्त्यांनी २०१३ मध्ये काढलेली कंपनी. ती वरच्या तिन्ही कंपन्यांच्या यंत्रांवर चालते, म्हणून तिची दोन बिले: यंत्राचे भाडे ज्याचे त्याला, आणि डेटाब्रिक्सची मजुरी तिच्या स्वतःच्या एककात. महाग पडते. पण वहीसारख्या पानावर चौघांनी एकत्र बसून काम करायचे तर तिच्याइतकी सुखाची जागा मला दिसलेली नाही. आमच्या विद्यार्थ्यांना तीच आवडली होती. अनुदानाला आवडली नाही.

एचडीइनसाइटबद्दल एक गोष्ट सांगून पुढे जाते. मायक्रोसॉफ्टचे एक केंद्र पुण्यात आहे, हे कळल्यावर समितीतल्या एका ज्येष्ठ सदस्यांना वाटले की मराठीचे काम तिथेच व्हावे. भावना चांगली होती. पण पुण्यातल्या त्या इमारतीला मराठी येत नाही. इतर कोणत्याही इमारतीला येत नाही तितकीच येत नाही.

आता किलोवरचा दर. गुगलची बिगक्वेरी आणि ॲमेझॉनची अथीना यांत क्लस्टर दिसतच नाही. तुम्ही माहितीला प्रश्न विचारायचा, उत्तर देण्यासाठी जितकी माहिती वाचावी लागली तितक्याचे पैसे. अथीनाचा दर एका टेराबाइटला ५ डॉलर. बिगक्वेरीचा अमेरिकेतला दर सव्वासहा डॉलर, महिन्यातला पहिला एक टेराबाइट फुकट. भाव इतके जवळ दिसतात की कोणीही म्हणेल, फरक काय तो? इथेच मराठी मध्ये येते.

संगणक अक्षरे साठवतो ती युनिकोडच्या यूटीएफ-८ या पद्धतीने. तिच्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. आणि चिन्ह म्हणजे आपण ज्याला अक्षर म्हणतो ते नव्हे; काना वेगळा, वेलांटी वेगळी, पाय मोडायचा हलन्त वेगळा. 'ज्ञानेश्वरी' हा शब्द आपल्या डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो. संगणकाला तो ११ चिन्हांचा आहे आणि ३३ बाइटचा. ॲमेझॉनच्या रेडशिफ्टमध्ये स्तंभाची रुंदी बाइटमध्ये सांगावी लागते. इंग्रजी नावांच्या सवयीने कोणी नावाच्या स्तंभाला २० बाइट दिले, तर 'विश्वनाथ'सुद्धा त्यात मावत नाही. त्याला २४ लागतात.

बिगक्वेरी प्रश्नाचे पैसे लावते ते या सुट्या, न दाबलेल्या आकारावर. म्हणजे तेवढ्याच चिन्हांच्या मजकुराला मराठीत इंग्रजीच्या जवळजवळ तिप्पट. अथीना पैसे लावते ते साठवलेल्या फायलीच्या आकारावर, आणि ती फाइल तुम्ही दाबून, 'पार्के' नावाच्या स्तंभवार पद्धतीने ठेवू शकता. देवनागरीच्या तीन बाइटांतला पहिला नेहमी तोच असतो आणि दुसरा दोनांपैकी एक. असे पुनरावृत्तीचे दाबायला फार सोपे. तीन बाइटांची सूज दाबल्यावर बरीच उतरते, आणि बिलही. कंपन्यांच्या तुलनेचे तक्ते मी पुष्कळ वाचले, त्यांत हा मुद्दा मला कुठे दिसला नाही. ते तक्ते करणाऱ्यांच्या भाषेला एकच बाइट लागतो.

एवढी सगळी तुलना मी तळहातावर मांडली आणि मग जे केले ते सांगायला थोडा संकोच वाटतो.

१४ हजार पानांचा मजकूर एकूण किती भरला असेल? शंभर एमबीच्या आत. लग्नातल्या पाच मिनिटांच्या चित्रफितीला याहून जास्त जागा लागते. आणि मी सवयीने त्याला चार यंत्रांचा क्लस्टर लावला. कंपनीचे नाव घेत नाही, कारण चूक सगळी माझी. पहिल्या दिवशी काम हलेचना. प्रत्येक पानाची वेगळी फाइल होती, आणि यंत्रांचा सगळा वेळ १४ हजार दारे उघडण्यात आणि लावण्यात जात होता. दुसऱ्या दिवशी मी सगळी पाने एका फायलीत घालून ती जीझिप करून दिली. जीझिप फाइल मधून तोडता येत नाही, सुरुवातीपासूनच सोडवावी लागते. त्यामुळे एक यंत्र राबत होते आणि तीन भाडे खात बसली होती. हे मी नोकरीत नव्या मुलांना शिकवते, बरं का. शेवटी काम झाले, तो शुक्रवार होता, आणि मी इंदूरची गाडी पकडायच्या गडबडीत क्लस्टर पाडायला विसरले. सोमवारी आठवले. तीन रात्री चारही यंत्रे रिकामी फिरत होती. बिल आले ते अनुदानातून न भरता मी माझे भरले. रक्कम कळल्यावर सर म्हणाले, "अगं, एवढ्यात आपण ती पानं हातानं उतरवून घेतली असती."

तेव्हा पहिला सल्ला माझ्याच चुकीतून: क्लस्टर उभारण्याआधी तो आपोआप कधी पडेल ते ठरवा. ईएमआर, डेटाप्रॉक आणि डेटाब्रिक्स या तिन्हींत अमुक वेळ रिकामे राहिल्यास बंद हो, असे सांगून ठेवता येते. एचडीइनसाइटमध्ये क्लस्टर थांबवून ठेवण्याची सोय नाही, तो काढूनच टाकावा लागतो, आणि काढेपर्यंत मीटर चालते. काढण्याआधी निकाल क्लस्टरबाहेरच्या साठवणीत हलवा, नाहीतर यंत्रांबरोबर तेही जातात.

मग मी तेच काम माझ्या लॅपटॉपवर केले. काही मिनिटांत झाले. घरच्या जात्यावर निघणारे दळण मी गिरणीत नेले होते.

पण खरे बिल पुढे आले. पहिली शब्दयादी छापून मी सरांकडे नेली. वापर किती त्या क्रमाने हजार शब्द. सरांनी चष्मा लावला, पहिले पान वाचले, दुसरे वाचले आणि म्हणाले, "यात काने-मात्रा कुठे गेल्या?" मी पाहिले. यादीत 'मर' होते, 'ठ' होते. खूपदा होते. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आले की हा 'मराठी' शब्द आहे.

"तुझ्या यंत्रानं मराठीला 'मर' म्हटलंय," सर म्हणाले. हसले नाहीत.

झाले होते ते असे. शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे यंत्राला सांगायला एक ठरावीक खूण वापरतात, तिचा अर्थ 'शब्दात येऊ शकणारे अक्षर'. मी पायथॉनमध्ये लिहिले होते. पायथॉनच्या हिशेबी म आणि र ही अक्षरे, पण काना हे अक्षर नाही. म्हणून काना आला की शब्द संपला. पुढे ठ, मग वेलांटी, पुन्हा शब्द संपला. मग मी हीच खूण इतर ठिकाणी वापरून पाहिली. स्पार्कच्या मुळाशी असलेल्या जावामध्ये मुद्दाम न सांगितल्यास ती देवनागरी ओळखतच नाही. बिगक्वेरीतही नाही, तिथे या खुणेत फक्त रोमन अक्षरे, अंक आणि अधोरेषा बसतात. म्हणजे एकीकडे 'मर' आणि दुसरीकडे शून्य. जावाला 'युनिकोडप्रमाणे वाग' असे स्पष्ट सांगितले तर मात्र ती पूर्ण शब्द बरोबर देते. इतर ठिकाणी अक्षरे अधिक मात्राचिन्हे अधिक अदृश्य जोडचिन्ह असा गट आपणच लिहून द्यावा लागतो. एका ओळीचे काम आहे. पण ती ओळ तुमच्यासाठी कोणतीही कंपनी लिहीत नाही. यंत्रे त्यांनी सांभाळली, हडूप त्यांनी बसवले, बिघाड त्यांनी काढले. काना अक्षरात धरायचा की नाही, हे ज्याचे दळण त्याने सांगायचे.

जोडचिन्हाचे बोलले तर 'दुसऱ्या'ची हकीकत सांगायलाच हवी. त्यातला ऱ्य दोन रीतींनी टंकता येतो. एक रीत, नुक्ता असलेला र, हलन्त, य. दुसरी, साधा र, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह, मग य. छापल्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. यंत्राला दोन वेगळे शब्द. आमच्या यादीत 'दुसऱ्या' दोनदा आला, दोन वेगळ्या आकड्यांसह, आणि विद्यार्थी अर्धा दिवस त्या दोन शब्दांतला फरक शोधत बसले. युनिकोडमध्ये अशा जोड्या एकरूप करायची प्रमाण रीत आहे, बिगक्वेरी आणि अथीना दोन्हींत तिचे फलन तयार मिळते. ते वापरले तर साधा र आणि सुटा नुक्ता असे टंकलेले असेल ते एकरूप होते, पण न दिसणाऱ्या जोडचिन्हाची जोडी तशीच राहते. 'ॲ'चेही तेच: एक अखंड चिन्ह, दुसरे अ आणि वर चंद्र. प्रमाण रीत ही जोडी जुळवत नाही. आपण हाताने जुळवायची.

आता इंटरनेटवरच्या मराठीकडे. इथे लॅपटॉप पुरत नाही, इथे गिरणी हवीच. कॉमन क्रॉल नावाची एक ना-नफा संस्था जगभरची वेबपाने गोळा करून सर्वांना खुली ठेवते, एका फेरीत दोन अब्जांहून अधिक. मोठी भाषिक यंत्रे शिकतात त्यात हा ढीग असतोच. त्यात मराठी एका टक्क्याच्या कितीतरी खाली आहे, पण दोन अब्जांतली आहे. तो ढीग ठेवला आहे ॲमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या केंद्रात. हैदराबादला २०२२ पासून ॲमेझॉनचे केंद्र आहे, माझ्या कार्यालयातून दूर नाही, मुंबईत २०१६ पासून आहे. पण त्या ढिगासाठी ती दोन्ही निरुपयोगी. दाणे व्हर्जिनियात असताना पोती मुंबईला वाहून आणायची कशाला? गिरणी तिथेच भाड्याने घ्यायची आणि पीठ तेवढे घरी आणायचे. तुलनेच्या सगळ्या तक्त्यांवर ही एक गोष्ट मात करते: माहिती ज्याच्या अंगणात आहे, त्याचीच सेवा बहुधा स्वस्त आणि जलद.

शिवाय सगळे दळायची गरज नाही. त्या ढिगाची एक सूची आहे, पार्के फायलींत, आणि तिच्यात प्रत्येक पानाची यंत्राने ओळखलेली भाषा एका स्तंभात लिहिलेली आहे. अथीनाला विचारायचे, मराठी म्हटलेली पाने कोणती आणि ती कोणत्या फायलीत किती अंतरावर आहेत. ती हवे तेवढेच स्तंभ वाचते आणि उत्तर देते. प्रत्येक पान त्या मोठ्या फायलीत वेगळे दाबून ठेवलेले असल्यामुळे नेमके तेवढेच उचलता येते. मग उचललेल्या पानांवर छोटा ईएमआर क्लस्टर, तोही स्पॉटवर. आमचा निर्णय असा झाला, आणि समितीला कोटेशनाऐवजी मी दोन पानांचे टिपण दिले. लेखापरीक्षकांचे समाधान झाले की नाही, ते मी अद्याप विचारलेले नाही.

यंत्राने लावलेल्या 'मराठी' या शिक्क्यावर मात्र भिस्त ठेवू नये. हिंदी, नेपाळी, कोकणी यांचीही लिपी तीच. गोव्याच्या मित्रांना हे सांगायला नको. आणि उलटही होते: इंदूरकराने लिहिलेल्या पानात हिंदी शब्द दोन जास्त आले की यंत्र त्याला मराठीतून उठवते.

इथून पुढे पैशांचा प्रश्न संपतो आणि चाळणीचा सुरू होतो. कोणत्याही शब्दयादीवर शेवटी एक चाळणी लावतात. पाचांहून कमी वेळा आलेले शब्द गाळा. असे करायला सबळ कारण आहे. एकदाच आलेल्या शब्दांत बहुतेक ओसीआरच्या चुका असतात, 'घ'चा 'ध' झालेला, 'भ'चा 'म' झालेला. मी नोकरीत ही चाळणी डोळे मिटून लावते. इथेही लावली. यादी स्वच्छ झाली, मला बरे वाटले.

सरांनी विचारले, "गराडू कुठंय?"

नव्हते. एका जुन्या दिवाळी अंकात सराफ्यातल्या थंडीच्या वर्णनात गराडू एकदा आले होते. एकदाच, म्हणून गळले. 'भुट्ट्याचा कीस' शोधला. तो तर चार ठिकाणी होता, पण 'भुट्ट्याचा', 'भुट्ट्याच्या', 'भुट्ट्यांचा' आणि 'भुट्ट्याचासुद्धा' असे चार वेगळे शब्द म्हणून प्रत्येकी एकदा, म्हणून चारही गळले. इंग्रजीत शब्दाची रूपे दोन-चार. आपल्याकडे घर, घरी, घरात, घरातला, घरातल्यांनासुद्धा. पाचाची चाळणी इंग्रजीला जितकी बारीक, त्याहून आपल्याला कितीतरी जास्त बारीक पडते. ज्या मराठीत मुळातच कमी छापले गेले, इंदूरची, बेळगावची, हैदराबादची, तिला तर ती कोंडा समजूनच फेकते. 'मी करून राहिलो' असे आपण म्हणतो, हैदराबादेकडे 'मी जायलो' म्हणतात. दोन्ही रूपे त्या अंकांतल्या संवादांत थोडीथोडी होती. स्वच्छ यादीत एकही उरले नाही. उरली ती पुण्यात छापली असती तरी चालली असती अशी मराठी.

मी सरांशी वाद घातला. म्हटले, चाळणी काढली तर यादी कचऱ्याने भरेल, कोणी वापरणार नाही. ते म्हणाले, "कचरा मी वेचतो, तू फेकू नकोस." त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर आहे. मी हरले, असे म्हणायला हरकत नाही. पण तांत्रिकदृष्ट्याही त्यांचेच बरोबर होते. ओसीआरची चूक आणि दुर्मिळ शब्द यांत फरक करायला यंत्राजवळ फक्त आकडा आहे, आणि दोघांचा आकडा एकच असतो.

तेव्हा आम्ही दोन याद्या केल्या. एक पाचाच्या वरची, ती पूर्ण झाली आहे. दुसरी एक ते चार वेळा आलेल्यांची, मूळ पानाच्या क्रमांकासह. तिच्यासाठी कोणत्याही कंपनीची सेवा मला सुचवता येत नाही. तिच्या प्रती मागच्या दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत, प्रत्येक प्रतीत चाळीस शब्द, सगळ्या वेगळ्या. शेजारी पेन्सिली आहेत. आपल्या घरात ऐकलेला शब्द दिसला तर त्यावर बरोबरची खूण करा, चूक वाटली तर फुली, आणि शंका असेल तर काहीच करू नका. चहा झाल्यावर सर स्वतः प्रती गोळा करतील.